डाव्या घोट्याला दोन वेढे जास्त

पहिल्यांदा माझ्या टेबलावर बसला तेव्हा अठराचा होता,
पाय खाली लोंबते, एका मोज्याला रफू.
नाव विचारलं तर म्हणाला, "हॅलिगन, मॅडम,"
जसं वर्गात उभं करून विचारलंय.
म्हटलं, इथे मॅडम कुणी नाही, मर्ल आहे.
पाय वर घे. आणि घोट्यावरचे केस काढत जा,
नाहीतर पट्टी सोडवताना आई आठवेल.

आई त्याची कूनाराच्या सायलोवर, वजनकाट्याला.
गव्हाचा ट्रक येतो, ती आकडा लिहिते, ट्रक जातो.
झेल तिनंच शिकवला म्हणे,
शेडच्या पत्र्यावर चेंडू मारून.
गोल चेंडू कुणालाही कळतो रे,
हा लांबट कुठे उसळेल
ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

पहिल्या सामन्याला ती चार तास गाडी चालवत आली
आणि रात्रभर आमच्या बायकांबरोबर
क्रेप कागद चिकटवत बसली.
दोन मजली पडदा, त्यावर ह्याचं नाव.
रिवाज असा की खेळाडू तो फाडूनच मैदानात शिरतात.
सगळे घुसले.
हा थांबला.
कडेनं वळसा घालून आत गेला.
साठ हजार माणसं हसली.
आई नाही हसली.

बचावात खेळायचा, अगदी शेवटच्या फळीत,
आपल्यापेक्षा वीतभर उंच माणसाला चिकटून.
झेल घेणाऱ्याचं नाव पेपरात येतं.
चेंडूवर मूठ मारून झेल मोडणाऱ्याचं मला ठाऊक,
कारण सोमवारी त्याची करंगळी माझ्याकडे येते.
अकरा वर्षं. करंगळी तीनदा, नाक एकदा,
बरगड्यांचा मी हिशोब ठेवला नाही.
आणि डावा घोटा, जन्माचा सैल,
त्याला दोन वेढे जास्त.
बोलायचा कमी.
एकदाच, पट्टी ओढताना, म्हणाला:
"मर्ल, आपलाच खेळ असा बघ,
नेम चुकला तरी एक गुण देतात.
पांढऱ्या कोटातला माणूस
गंभीर चेहऱ्यानं झेंडा हलवतो."
मी म्हटलं, एकच झेंडा.
"एक तर एक," म्हणाला.

गुडघा गेला तेव्हा जवळपास कुणी नव्हतं.
मोकळ्या गवतावर वळला, इतकंच.
सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज
मला बाकावर ऐकू आला,
किंवा मला तसं वाटतं.
मग वर्षभर पोहण्याच्या तलावात उभ्या उभ्या धावला,
पाणी छातीपर्यंत, समोर भिंत.
परत आला. नऊ सामने.
मग दुसरा गुडघा.

सप्टेंबरात ऑफिसात बोलावलं.
कॉफी विचारली, म्हणजे मला कळलंच.
आठ मिनिटं लागली.
एवढ्यात माझा एक घोटा बांधून होत नाही.

खोकं घेऊन खाली आला.
बूट, दातांचं कव्हर, कुठल्याशा पोरानं पाठवलेलं चित्र
ज्यात ह्याला सहा बोटं आहेत.
मी टेबल पुसत होते.
आला तसा टेबलावर बसला
आणि डावा पाय वर घेतला.
सवयीनं. बसल्यावर त्याच्याही लक्षात आलं,
कान लाल झाले, पाय मात्र तिथेच राहिला.

मी काय बोलणार.
रीळ काढलं.
टाचेखालून, वरून, पुन्हा टाचेखालून,
घट्ट, पण बोटं निळी पडणार नाहीत इतपतच.
शेवटी दोन वेढे जास्त.
त्यानं पाऊल टेकवून पाहिलं,
एकदा, दोनदा, सामन्याआधी पाहतो तसं.
"ठीक आहे," म्हणाला.

आणि बांधलेल्या पायानं
चार तास गाडी चालवत घरी गेला.

पुढच्या आठवड्यात कूनाराहून फोन आला.
आई होती. इकडचं तिकडचं बोलली,
यंदा गहू लवकर पिकला म्हणाली.
मग जरा थांबून:
"ती पट्टी किती दिवस ठेवायची असते?"